टवका दाबण्याआधी त्याच्याखाली बघा

एसीएल, म्हणजे मांडी आणि नडगीची हाडं गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा पट्टा (लिगामेंट), मधोमध न तुटता टिबियावरून (नडगीच्या हाडावरून) हाडाचा टवका घेऊन उखडतं, तेव्हा एक्स-रे बघून नव्या सर्जनला हायसं वाटतं. हाडाला हाड लागेलच की! मलाही तसंच वाटायचं. पहिल्या केसला मी प्रोबने, म्हणजे आकड्याच्या सळीने, टवका दाबत होतो आणि तो नीट न बसणाऱ्या झाकणासारखा पुन्हापुन्हा वर येत होता. अर्ध्या तासाने शेजारी उभे असलेले सर एवढंच म्हणाले, "खाली काय अडकलंय, बघितलंस का?" नव्हतं बघितलं. दोन्ही मेनिस्कसना (सांध्यातल्या कूर्चेच्या गाद्यांना) पुढून जोडणारी पट्टी टवक्याखाली सरकली होती. प्रोबच्या आकड्याने ती पुढे ओढली आणि टवका स्वतःहून खड्ड्यात बसला.

आधी कोणाला स्कोप (सांध्यात घालायची दुर्बीण) घालायचा ते ठरवा. मेयर्स आणि मॅकीव्हर यांनी केलेली या फ्रॅक्चरची १९५९ची विभागणी अजून कामाला येते. पहिल्या प्रकारात टवका जागेवरच असतो, त्याला ब्रेस पुरतो. दुसऱ्यात पुढची कड उचललेली, मागची बिजागरीसारखी धरलेली. इथे सांध्यातलं रक्त काढून, गुडघा सरळ करून बाजूचा एक्स-रे घ्या. फट राहिली तर ऑपरेशन. तिसऱ्यात टवका पूर्ण सुटलेला असतो, आणि नंतर जोडलेल्या चौथ्यात त्याचा चुरा. या दोघांत वाट बघू नका.

भूल दिल्यावर दोन्ही गुडघ्यांची लॅकमन टेस्ट करा (गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढायची आणि सैलपणा बघायचा), नुसत्या दुखऱ्याची नको. स्कोप आत गेला की पहिली काही मिनिटं लाल धुकंच दिसतं, त्यात चरबीचे थेंब तरंगत असतात. घाई न करता धुवा. मग शेव्हरने (फिरत्या पात्याच्या नळीने) खड्ड्यातल्या गुठळ्या काढा आणि क्युरेटने (खरवडायच्या चमच्याने) तळ किंचित खोल करा, एक-दोन मिलिमीटर पुरे. कारण हाड उखडण्याआधी लिगामेंट स्वतःही थोडं ताणलं गेलेलं असतं. टवका होता तितक्याच उंचीवर बसवला तर गुडघा सैल राहू शकतो.

बसलेला टवका बारीक के-वायरने (टोकदार तारेने) तात्पुरता धरा.

स्क्रू की दोरा? टवका अखंड आणि स्क्रूच्या जाडीच्या निदान तिप्पट असेल तरच स्क्रू, नाहीतर घट्ट करताना तो दुभंगतो. शिवाय स्क्रूचं डोकं पुढे नॉचला (मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकातल्या खाचेला) टोचलं तर ते काढायला पुन्हा आत जावं लागतं. मी दोराच वापरतो. चुरा झाला असला तरी तो चालतो, कारण पकड हाडावर नसून लिगामेंटवर असते. हाडाला अगदी लागून, एसीएलच्या मुळातून सुई पार करा आणि न विरघळणारा मजबूत दोरा ओढून घ्या. असे दोन घ्या. मग टिबियाच्या पुढच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला छोटा छेद घेऊन, एसीएल गाईड (ड्रिलची दिशा धरणारी चौकट) लावून २.४ मिलिमीटरच्या ड्रिलने दोन बोगदे पाडा, एक खड्ड्याच्या आतल्या कडेला, दुसरा बाहेरच्या. दोऱ्यांची टोकं त्यांतून बाहेर काढायची आहेत. बाहेर दोन्हींमध्ये सेंटिमीटरभर हाड राहू द्या, गाठ त्याच्यावरच बसणार आहे. वाढत्या मुलात स्क्रू घालायचाच झाला तर तो वाढीच्या तबकडीच्या (हाड जिथून लांब होतं त्या कूर्चेच्या थराच्या) वरच ठेवा.

गाठ मारताना गुडघा २०-३० अंश वाकवलेला ठेवा, मांडीखाली सहाय्यकाचा हात. गाठीनंतर स्कोप आत असतानाच गुडघा पूर्ण सरळ करून बघा. टवका उचलला गेला किंवा नॉचला घासला, तर गाठ सोडून पुन्हा बसवा. टेबलावरचा कंटाळा परवडतो. शेवटी लॅकमन पुन्हा.

पुढच्या चुकीची शिक्षा माझ्या पेशंटने भोगली. शाळकरी मुलगा होता. मी भीतीपोटी सहा आठवडे प्लास्टर ठेवलं. हाड छान जुळलं, गुडघा मात्र साठ अंशांपुढे वाकेना. अशा मुलाला भूल देऊन नुसत्या जोराने वाकवायला गेलात, तर फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) खालच्या वाढीच्या तबकडीतच फ्रॅक्चर होऊ शकतं. आधी स्कोपने चिकटलेलं सोडवावं लागतं, तेच केलं. आता दुसऱ्या दिवसापासून मांडी आवळायला लावतो, पकड पक्की असेल तर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वाकवणं सुरू, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत नव्वद अंश. तेव्हा बाजूच्या एक्स-रेत मी दोन गोष्टी बघतो: टवक्याची पुढची कड जागेवर आहे का, आणि फट भरतेय का.