काळ्या मातीवरचे रस्ते आणि जाड स्वे बार: वॅगनवाल्यांनो, या चुका टाळा

गाडी वळणावर कलते असं नुसतं म्हणून बघा, आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: मागे जाड स्वे बार, म्हणजे कलणं रोखणारी पोलादी दांडी, टाक. मीही टाकला. सगळ्यात शेवटी करायचं काम सगळ्यात आधी केलं, आणि पुढचे सहा महिने त्याची फळं भोगली.

गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाविया कॉम्बी (म्हणजे वॅगन), १.९ टीडीआय डिझेल, इंजिन रीमॅप केलेलं, म्हणजे ताकद वाढवायला त्याच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदललेलं. २००१ पासून शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना असल्याने संभाजीनगरात ऑक्टावियाचं कुणाला कौतुक नाही, पण ही लांब पाठीची दिसली की पेट्रोल पंपावरची पोरं अजूनही विचारतात, “काका, मागून वाढवून घेतली का?” रीमॅपनंतर इंजिनात दम आला आणि अंगातला डोल खुपायला लागला. कन्नडच्या पुढे औट्रम घाट उतरताना मागची पेटी प्रत्येक वळणाला बाहेर झुकायची. मग बार मागवला, बसवला, आणि आठवड्याभरात गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली.

शॉकअप म्हातारे, बार नवा

स्वे बार डाव्या-उजव्या चाकाला एकमेकांशी जोडतो. वळणात बाहेरचं चाक दबतं, आतलं लोंबतं, त्या फरकाने बार पिळला जातो आणि त्या पिळाच्या विरोधामुळे गाडी कमी कलते. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर पुढचा बार आपल्या बुशांमध्ये, म्हणजे रबरी आधारांमध्ये, नुसता फिरतो, मागच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या बीमवरचा बीमबरोबर वर-खाली जातो. पिळ नाही म्हणजे काम नाही.

आता आपले रस्ते आठवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं. परभणी-हिंगोलीकडच्या आतल्या रस्त्यांवर कधी कधी एकही खड्डा नसतो, तरी गाडी होडीसारखी हेलकावते. हे हेलकावे दोन्ही चाकांना एकदम येतात. तिथे बारचा काडीचा उपयोग नाही, ते काम शॉकअपचं. माझे शॉकअप लाखभर किलोमीटर चाललेले होते, एकाच्या अंगावर तेलाचा ओला डाग होता आणि त्यावर धूळ बसून काळं थापण झालं होतं. ते दिसत असूनही मी पैसे बारवर घातले.

बोनेट दाबून सोडण्याची परीक्षा फक्त पार मेलेला शॉकअप ओळखते. त्यापेक्षा ओळखीच्या लांब उंचवट्यावरून ठरावीक वेगाने जा आणि उतरल्यावर गाडी किती वेळा झुलते ते मोजा. एकदा उठून बसली तर ठीक. दुसऱ्यांदा झुलली तर बारचा विषय बंद, आधी शॉकअप.

उलट जाड बारची किंमत अशा जागी मोजावी लागते जिथे आपण रोज असतो. एकेरी रस्त्यावर समोरून एसटी आली की डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावी लागतात. एका बाजूचं चाक खाली जातं, बार दुसऱ्या बाजूलाही आपल्यासोबत ओढतो, आणि गाडीतल्या माणसांची डोकी खिडकीकडे हलतात. बार जितका जाड तितकं हे डोकं हलवणं जास्त. समृद्धीच्या काँक्रीटवर ते कळतसुद्धा नाही, गावाकडे वळलं की कळतं.

“गाडी हवेत चालवता का?”

ही माझी सगळ्यात महागडी चूक, म्हणून जरा सविस्तर.

शॉकअप बदलताना लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या हाताचे, रबरी बुशही नवे घातले. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) उभी, चाकं काढलेली, आर्म खाली लोंबत होते. तशाच अवस्थेत बोल्ट जीव खाऊन कसले आणि गाडी खाली उतरवली. चार महिन्यांत पुढून ब्रेकवर ‘ठक्’ यायला लागलं. मोंढा नाक्याजवळचे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांनी खड्ड्यात उतरून टॉर्च मारली, बोट बुशवर ठेवलं आणि वर बघून म्हणाले, “भौ, बोल्ट हवेत कसले ना? गाडी हवेत चालवता का?”

बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट कसला की आतली नळी जागेवर पकडली जाते. आर्म लोंबत असताना पकडली, तर तीच रबराची ‘आरामाची’ जागा ठरते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या गाडीतसुद्धा चोवीस तास पिळलेलं राहतं. वर घाटातली पिळवणूक आणि मे महिन्याचं ऊन. माझ्या बुशला नखाएवढी चीर होती, मिस्त्रींनी पहार टेकून आर्म दाबला तसं तिने तोंड उघडलं.

म्हणून हे बोल्ट आधी हातानेच लावा. मग गाडी चाकांवर रॅम्पवर किंवा खड्ड्यावर उभी करा, दोनदा दाबून सोडा आणि त्यानंतर टॉर्क द्या, म्हणजे टॉर्क रेंचने ठरलेल्या जोरापर्यंत कसा. मागच्या टॉर्शन बीमच्या बुशांनाही हेच लागू. फोक्सवॅगन घराण्यात काही बोल्टना टॉर्क देऊन वर आणखी ९० अंश फिरवायचं असतं. असे बोल्ट ताणले जातात, ते परत वापरायचे नाहीत. गॅरेजवाला “चांगला आहे की” म्हणाला तरी नाही.

जालन्याच्या मित्राचा बार

जालना पोलादाचं गाव. तिथल्या माझ्या एका मित्राला वाटलं, गावात इतक्या रोलिंग मिल असताना बार बाहेरून कशाला मागवायचा? त्याने साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा) गोल बार घेतला, तापवून वाकवला आणि टोकांना पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. पहिल्या दिवशी गाडी मस्त चालली. तीन आठवड्यांनी पुन्हा तितकीच कलायला लागली, आणि एका गतिरोधकावर बार वेल्डपासून दोन बोटांवर तुटला.

यातली गंमत लोकांना पटत नाही. साधं पोलाद आणि स्प्रिंगचं पोलाद यांचा कडकपणा जवळजवळ सारखाच असतो. सारख्या मापाचे दोन बार सारख्याच जोराने पिळाला विरोध करतील. फरक आहे तो सहन करण्यात. एमएस साधारण २५० मेगापास्कलला कायमचा वाकतो, स्प्रिंग पोलाद नीट पाणी दिलेलं असेल तर हजाराच्या वर जातं. म्हणून मित्राचा बार आधी चालला, मग हळूहळू वाकडाच राहू लागला. आणि वेल्डिंगची आंच लागलेली जागा ठिसूळ होते, तडा तिथूनच सुरू होतो. तयार बारवरही वेल्ड मारू नका.

मापाचा हिशोबही इथेच सांगून टाकतो. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १९ मिलिमीटरचा बार काढून २२ चा घातला तर हातात फरक तीनच मिलिमीटर, पण कडकपणा सुमारे ८० टक्क्यांनी जास्त. पोकळ बार दिसला म्हणून नाक मुरडू नका: बाहेरून २५, आतून १९ असलेली नळी भरीव २२ पेक्षा थोडी कडकच भरते, आणि वजन जवळपास निम्मं. काही बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात. लिंक, म्हणजे बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी दांडी, आतल्या भोकात लावली की बारचा हात आखूड होतो आणि बार कडक होतो. सुरुवात नेहमी मऊ, म्हणजे बाहेरच्या भोकापासून.

सेडानचा किट वॅगनला

ऑक्टाविया सेडान, गोल्फ, कॉम्बी या एकाच प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणून ‘सगळं बसतं’ असं विकणारा सांगतो. बसतं, खरंय. पण वॅगनच्या मागे काच, पत्रा आणि सामान यांचं वजन जास्त असतं. सेडानच्या लोअरिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) स्प्रिंगा घातल्या की रिकामी गाडी झोकात दिसते आणि चार माणसं, दोन पोती ज्वारी चढली की बूड टेकतं. मग बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळत जायचं. स्प्रिंगवरचा रंगाचा ठिपका आणि पार्ट नंबर कॉम्बीचाच आहे का ते पाहा.

मुळात गाडी किती खाली घ्यायची याचाही विचार करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. आपल्या गावातले लोकांनी आपापल्या रागाच्या प्रमाणात बांधलेले असतात. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) असला की गाडी खाली घेताना रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. म्हणजे दोघांतलं अंतर वाढतं आणि कलण्याची ओढही वाढते. खूप खाली घेतलेली गाडी जास्त कलते, हे त्यातलं गौडबंगाल.

काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची वहीत लिहून ठेवा. नंतर भांडायला आकडे लागतात.

मागचा बार, रिकामी गाडी, पहिला पाऊस

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं तोंड वळणात बाहेर जातं, म्हणून मागे कडक बार घालून शेपूट थोडी मोकळी करतात. तत्त्व बरोबर आहे. आतलं मागचं चाक जरासं उचललं गेलं तरी घाबरायचं कारण नाही. पण वॅगन कधी रिकामी असते, कधी ठासून भरलेली. रिकाम्या गाडीला बेतलेला बार भरल्या गाडीच्या मागच्या टायरांवर जास्त भार टाकतो आणि शेपूट लवकर सुटते. त्यात मृगाचा पाऊस, शेतातून ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेला चिकट चिखल, आणि वळणात घाबरून सोडलेला ॲक्सिलरेटर. माझी एकदा अशी पैठण रस्त्यावर अर्धी फिरली, समोर कोणी नव्हतं म्हणून वाचलो. टायरमधली हवा भाराप्रमाणे बदला, आणि पावसाळ्यात मऊ भोक.

खडखड शोधायची तर

बार बसवल्यावर आवाज आला की सगळे शॉकअपला शिव्या देतात. आधी ओळखीच्या गतिरोधकावरून अगदी सावकाश जा, एकदा दोन्ही चाकांनी सरळ आणि एकदा तिरके, एकेक चाक चढवत. फक्त तिरकं जाताना ‘टक्-टक्’ येत असेल तर संशय बारवर किंवा लिंक रॉडवर. दोन्ही वेळा येत असेल तर स्ट्रटचं वरचं माउंटिंग, शॉकअप किंवा आर्मचा बुश. खात्री हवी असेल तर दोन्ही लिंक रॉड काढून बांधून ठेवा आणि गल्लीत हळू चक्कर मारा. आवाज गेला तर चोर सापडला. अशा गाडीने वेगात वळायचं नाही. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर ‘टणकन्’ आवाज आला तर वरची बेअरिंग.

लिंक रॉडचा नट सोडताना आतला बॉल जॉइंटही सोबत फिरतो आणि माणूस वैतागून ग्राइंडर हातात घेतो. बहुतेक लिंकच्या स्टडला मागे किंवा टोकाला पान्याची किंवा ॲलन कीची खाच असते, तिथे धरून नट फिरवा. लिंक लावताना दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत. एकच बाजू जॅकवर घेतली तर बार पिळलेला राहतो, दुसरी लिंक जागेवर येत नाही आणि लोक हातोडा मारतात.

करकर येत असेल तर ते पॉलियुरेथेनचे बुश आहेत. त्यांना किटसोबतचं किंवा सिलिकॉनचं ग्रीस लागतं. आपल्या धुळीत ते वर्षाला पुन्हा भरावं लागतं. रबरी बुशला साधं ग्रीस फासू नका, रबर फुगतं.

राहिलेलं

स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर उसना, झिजलेल्या आट्यांचा आणू नका, सुटला तर जबडा फोडतो. सगळं काम झाल्यावर अलाइनमेंट करा, पण नव्या स्प्रिंगा आठवडाभर चालवून बसल्यावर. उंची बदलली की टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली ते, बदलतो आणि टायर आतून असा खातो की वरून बघून कळत नाही, हात फिरवल्यावर कळतं. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, तेव्हा मोठं काही करण्याआधी आरटीओत विचारा.

आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. माझे ५०० पूर्ण झाले ते तुळजापूरला, आईला दर्शनाला नेलं तेव्हा. ती रांगेत असताना मी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून गाडीखाली शिरलो. बारच्या उजव्या क्लॅम्पचा बोल्ट पाव फेरी सैल निघाला. आई परत आली तेव्हा माझे फक्त पाय बाहेर होते. तिने प्रसादाची पुडी माझ्या चपलेवर ठेवली आणि म्हणाली, “झालं की सांग, मी सावलीत बसते.”