'टॉपल' या एका क्रियापदामुळे कळलेले चेक

चेक भाषेच्या वर्गात चहा सांडल्याचा प्रसंग सांगताना मी मोठ्या आत्मविश्वासाने 'स्व्हर्हल यसेम हर्नेक' असे म्हणालो. इंग्रजी-चेक शब्दकोशात 'टॉपल' या क्रियापदापुढे मला पहिल्यांदा दिसला तो 'स्व्हर्हनोउत' हा शब्द, आणि तोच उचलून 'मी कप कलंडवला' असे सांगितल्याचे समाधान मला वाटत होते. शिक्षिकाबाईंनी शांतपणे विचारले, "हा कप किती वर्षे गादीवर होता?" 'स्व्हर्हनोउत' हे प्रामुख्याने राजा, राजवट किंवा सरकार उलथून टाकण्यासाठी वापरतात, कप, फुलदाणी, होडी यांच्यासाठी 'प्रशेव्हर्हनोउत' आहे.

इंग्रजीतील 'टॉपल' हा शब्द 'टॉप', म्हणजे शेंडा, यावरून आला आहे. वरचा भाग जड झाल्याने उंच वस्तू डुलून आडवी होणे, कोणीतरी ती आडवी करणे आणि सत्ताधाऱ्याला खाली खेचणे, ही तिन्ही कामे तो एकटाच करतो. मराठीत मात्र फुलदाणी कलंडते, झाड कोसळते, माणूस तोल जाऊन पडतो आणि राजवट उलथवली जाते. चेकचीही विभागणी काहीशी अशीच असल्यामुळे नव्या विद्यार्थ्याने इंग्रजीच्या पुलावरून जाण्याऐवजी थेट मराठीतून चेककडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाडासारखे धाडकन आडवे होण्यासाठी 'स्कात्सेत से' हे क्रियापद आहे, आणि ते मूर्च्छा येऊन पडलेल्या माणसालाही लागू पडते. त्याच्या मुळाशी असलेल्या 'कात्सेत' या शब्दाचा अर्थ झाडे तोडणे असा आहे. 'जंगल तोडले जाते तेव्हा ढलप्या उडतात' ही चेक म्हण मला आपल्या 'सुक्याबरोबर ओलेही जळते' या म्हणीची सख्खी बहीण वाटते.

'से' या इवल्या शब्दाकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केले, ते महागात पडले. 'प्रशेव्हर्हनोउत' म्हणजे कलंडवणे, तर 'प्रशेव्हर्हनोउत से' म्हणजे आपोआप कलंडणे. 'पडणे' आणि 'पाडणे' यांतील भेद आपण स्वर बदलून दाखवतो, चेक भाषक 'से' लावून किंवा वगळून दाखवतात. इंग्रजीत 'टॉपल' दोन्हीकडे तसाच राहतो, म्हणून त्या वाटेने येणाऱ्याच्या हे ध्यानातच येत नाही.

खरा घाम फोडतो तो क्रियेच्या पूर्णतेचा भेद. 'कात्सी से' म्हणजे झाड पडते आहे. पण पूर्णतादर्शक 'स्कात्सी से' हे रूप वर्तमानकाळी दिसत असूनही त्याचा अर्थ 'कोसळेल' असा भविष्याचा होतो. मी कित्येक आठवडे आज पडणारी झाडे उद्यावर ढकलत होतो.

प्रागच्या जुन्या शहराच्या चौकातील मरियमस्तंभ, म्हणजे येशूची आई मरियम हिचा पुतळा असलेला स्तंभ, 3 नोव्हेंबर 1918 रोजी जमावाने पाडला. (2020 मध्ये तेथे त्याची प्रतिकृती उभी राहिली.) त्या घटनेविषयी इंग्रजीत 'टॉपल' सहज लिहितात, पण चेकमध्ये बहुधा 'स्तर्हनोउत', म्हणजे ओढून खाली पाडणे, हा शब्द येतो. उलट, मार्च 2009 मध्ये चेक पंतप्रधान तोपोलानेक यांचे सरकार संसदेतील अविश्वास ठरावाने गेले, तेव्हाच्या प्रसंगाला 'व्लादा पद्ला' हे शब्द शोभतात, म्हणजे अक्षरशः आपले 'सरकार पडले'. तेथे 'स्व्हर्हनोउत' वापरल्यास बळाने उलथवल्याची छटा येऊ शकते.

बर्फावर घसरून पडण्यासाठी यांपैकी काहीही चालत नाही. चालताना पडलो तर 'उपद्नोउत', शिडीवरून किंवा झाडावरून खाली आलो तर 'स्पद्नोउत'. चेक देशातील पहिल्याच हिवाळ्यात यांतील पहिले क्रियापद मला पुस्तकाविना पाठ झाले.

आता मी वहीत नुसता प्रतिशब्द लिहीत नाही. काय पडले, कोणी पाडले की आपोआप पडले, कोठून पडले आणि पडून झाले की अजून पडतेच आहे, एवढे सांगणारे एक पूर्ण चेक वाक्य लिहितो आणि त्याखाली त्याचे मराठी. 'टॉपल'च्या पानावर अशी अकरा वाक्ये झाली आहेत, आणि कपाचे वाक्य त्यांत सर्वांत वर आहे.