इंग्रजी स्वरांचे उच्चार कसे सुधारावेत

इंग्रजी लिपीत स्वर पाच, पण ब्रिटिश प्रमाण उच्चारात स्वरध्वनी साधारण २०. त्यामुळे स्पेलिंगवर विसंबलात तर फसगत ठरलेली. त्याहून मोठी अडचण कानाची आहे. परका स्वर ऐकला की आपण तो मातृभाषेतल्या जवळच्या स्वराच्या खात्यात टाकून मोकळे होतो. जो फरक ऐकूच येत नाही, तो तोंडातून यायचा कसा?

म्हणून आधी एकच जोडी घ्या: ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. ऑनलाइन शब्दकोशांत दोन्ही ऐका, तेही वेगवेगळ्या आवाजांत. एकाच शिक्षकाचा आवाज ऐकून कान त्या शिक्षकापुरताच तयार होतो. मग कुणाला तरी हे शब्द उलटसुलट वाचायला सांगा, तुम्ही ओळखा, आणि बरोबर की चूक ते तिथल्या तिथे विचारा. हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

आता जीभ. इथे आपली ह्रस्व-दीर्घाची सवय आडवी येते: ‘शीप’ लांबवलं की झालं, असं वाटतं. तसं नाही. ‘बीट’ (मारणे) मधली ई पुढच्या ट-मुळे आखडते, ‘बिड’ (बोली) मधली इ ड-मुळे लांबते. दोन्हींची लांबी जवळपास सारखीच भरते. खरा फरक जिभेच्या जागेचा. ‘ई’ म्हणत राहा, ओठ ताणलेले. तसाच आवाज चालू ठेवून जबडा किंचित सैल सोडा आणि ‘ए’पर्यंत पोचायच्या आत थांबा. तिथेच ‘शिप’मधला स्वर आहे. ‘बेड’ आणि ‘बॅड’साठी आरसा पुरे: दुसऱ्या शब्दाला जबडा स्पष्ट खाली यायला हवा.

जोड्या जमू लागल्या की आघाताकडे वळा. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर, म्हणजे ‘फो’वर असतो. ‘फोटोग्राफी’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला ‘फो’ पार विरघळतो, ऐकू येतं ते ‘फटॉग्रफी’सारखं काहीतरी. हा पुसट अ इंग्रजीत सगळ्यात जास्त येतो. आपण मात्र प्रत्येक अक्षराला सारखा न्याय द्यायला जातो!

शेवटी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी शब्दांचा क्रम विसरल्यावर ऐका आणि कोणता शब्द म्हटला होता ते ओळखा. ‘पुल’ (ओढणे) आणि ‘पूल’ (तलाव) ही जोडी मागे राहिली तरी चालेल. तसल्या जोड्या इंग्रजीत मोजक्याच आहेत आणि संदर्भावरून ऐकणाऱ्याला कळतं.