मॅग्नेशियमवरचं कोटिंग: टाफेलच्या आकड्यावर विसंबू नका

मॅग्नेशियम इम्प्लांटच्या कोटिंगवर प्रोजेक्ट घेतलेल्यांसाठी लिहितेय. मॅग्नेशियमच का, मिश्रधातू कोणते, हे तुम्ही वाचलेलं असणारच. एकच गोष्ट आधी पक्की करा. गंजणं हा इथे दोष नाही, विरघळून जाणं हेच या धातूचं काम आहे. कोटिंगनं ते थांबवायचं नसतं, हाड जुळेपर्यंत लांबवायचं असतं. १९०७ मध्ये लांबॉट या बेल्जियन सर्जननं मॅग्नेशियमची पट्टी सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी हाडाला बसवली. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली हायड्रोजन साठला. आपली सगळी धडपड त्या वायूला आवर घालण्याची आहे.

आता ज्या सापळ्यानं माझा बराच काळ खाल्ला, त्याबद्दल. तो म्हणजे टाफेल प्लॉट, पोटेन्शियल बदलत करंट मोजून त्यावरून गंजण्याचा दर काढायचा आलेख.

नमुना एसबीएफमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं द्रावण) तासभर ठेवायचा, पोटेन्शिओस्टॅट (पोटेन्शियल ठरवून करंट मोजणारं यंत्र) लावायचा आणि कोटिंगमुळे करंट शंभर पटींनी उतरला असं लिहून मोकळं व्हायचं. हे इतकं सोपं आहे की सगळे तेच करतात. पण तो आकडा त्या एका तासापुरता असतो. पाणी कोटिंगमधून झिरपायला वेळ लागतो, खरी कसोटी त्यानंतर सुरू होते.

दुसरं, मोजलेला करंट आपण पूर्ण क्षेत्रफळानं भागतो. प्रत्यक्षात तो दोन-चार सूक्ष्म छिद्रांतून वाहत असतो. सरासरी छान दिसते आणि छिद्राखाली खड्डा खोल जात राहतो. स्क्रू मोडतो तो खड्ड्यापाशी.

तिसरं कारण मॅग्नेशियमच्या स्वभावातलं आहे. पोटेन्शियल अॅनोडिक बाजूला, म्हणजे धातू जास्त विरघळेल त्या दिशेला, नेलं की हायड्रोजन कमी व्हायला हवा, पण या धातूवर तो उलट वाढतो. त्यामुळे टाफेलचा दर वजन घटण्याच्या दराशी बहुतेकदा जुळत नाही, बऱ्याचदा खूप कमी येतो. गणित स्वतः करून बघा. चौरस सेंटीमीटरला १० मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला साधारण ०.२३ मिलिमीटर. त्याच नमुन्यातून दिवसाला चौरस सेंटीमीटरमागे १ मिलिलिटर वायू निघत असेल, तर दर वर्षाला सुमारे २.२८ मिलिमीटर. दहापट फरक! अशा वेळी मी वायूवर विश्वास ठेवते.

म्हणून नमुन्यावर उलटी फनेल आणि त्यावर द्रावणानं भरलेली उलटी ब्युरेट, हे पहिल्या दिवसापासून लावा. १ मिलिग्रॅम मॅग्नेशियममागे जवळपास १ मिलिलिटर हायड्रोजन येतो. खर्च जवळजवळ काही नाही. शेवटी क्रोमिक आम्लानं गंज काढून वजन घ्या. दोन्ही आकडे जवळपास जुळले, तरच टाफेल आणि इम्पीडन्स (कोटिंग विजेला किती अडवतं त्याची मोजणी) पुरवणी म्हणून जोडा. द्रावणात कंजूषी करू नका. थोड्या द्रावणात पीएच झपाट्यानं वर चढतो, पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड टिकून राहतं आणि बेकार कोटिंगही टिकाऊ भासतं. चौरस सेंटीमीटरला किमान २० मिलिलिटर घ्या, मध्ये बदला. ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवायला घालतात ते रसायन) गंजण्याचा वेग वाढवतो, तेव्हा कुठला बफर वापरला ते लिहाच.

घाबरू नका. पहिले नमुने कडांपाशी उघडे पडतात, सगळ्यांचे पडतात. कडा गोल करा, शेवटचं पॉलिश पाण्याऐवजी इथेनॉलमध्ये करा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

कोटिंगच्या निवडीबद्दल माझं मत ठाम आहे. नुसत्या मायक्रो-आर्क थरावर (द्रावणात विजेच्या ठिणग्यांनी धातूवर तयार केलेला ऑक्साइड थर) थांबू नका. तो कडक असतो, चिकटतोही छान, पण सच्छिद्र असतो, वरून पॉलिमरनं बुजवावाच लागतो. नुसतं पीएलए (शरीरात विरघळणारं पॉलिमर) दिलं तर खाली अडकलेल्या वायूनं फोड येतात. पॉलिमरची वाट चुकीची आहे असं मात्र नाही. २०१६ मध्ये युरोपात मान्यता मिळालेल्या मॅग्मारिस या मॅग्नेशियमच्या हृदय-स्टेंटवर पीएलएलएचाच (पीएलएचाच एक प्रकार) थर आहे. फ्लोराइड कोटिंग स्वस्त आणि चांगलं, पण त्याला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते अंगावर पडल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर बाटली उघडायचीच नाही. कुणीही ‘काही होत नाही’ म्हणालं, तरी नाही.

गाइडबद्दलही सांगते. ‘टाफेल आणि एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो) झालं की पेपर जातो’ असं म्हणणारे सर भेटतील. पेपर जातो, खरंय. पण पुढं पेशींवर प्रयोग करताना तेच कोटिंग हातात सुटतं. माझ्या मते पहिल्या वर्षी गाइडपेक्षा हायड्रोजन मोजलेला एखादा सिनियर जास्त उपयोगी पडतो. तो शोधा, दुसऱ्या विभागात असला तरी.

पेशींच्या टप्प्यावर एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) सरळ वापरू नका. गंजणारं मॅग्नेशियम स्वतःच तो रंग बदलतं आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. पेशींविना फक्त अर्काचा (नमुना भिजवून ठेवलेल्या द्रवाचा) कंट्रोल ठेवा, शिवाय लाइव्ह-डेड स्टेनिंग किंवा डीएनए मोजणी करा. अर्क सहा ते दहा पट पातळ करून वापरायची शिफारस आहे, ती पाळा. आणि सशांवर किंवा उंदरांवर जायचं असेल तर एथिक्स कमिटीचा अर्ज कोटिंग तयार होण्याआधीच भरा.