आधी ब्लॉक मागा

मी बावीस वर्षं पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ होते. मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे (यालाच ब्लॉक म्हणतात) मायक्रोटोम या यंत्रावर पातळ कापायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे, हे माझं काम. आमचं शिकवणारं हॉस्पिटल, त्यामुळे दुसरं मत मागायला बाहेरच्या केसेस रोज यायच्या. फाइली चांगल्या जाडजूड असत, विम्याच्या पावत्यांपासून चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळं त्यात सापडे. फक्त ज्यावरून निदान करायचं, तेच नसे. पुढे माझ्या दादाच्या हाताला गाठ आली, तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. म्हणून हे लिहितेय.

पहिला प्रश्न, दुसऱ्या मतासाठी फाइल पाठवायची कुठे? जगातल्या नामवंत हॉस्पिटलांच्या याद्या दरवर्षी निघतात. हौस म्हणून वाचा, पत्ता त्यावरून ठरवू नका. नाव होतं हॉस्पिटलचं, पण तुमचा आजार बघतो त्यातला एक विभाग, खरं तर त्यातली दोन-तीन माणसं. कॅनडातल्या टोरंटो जनरल हॉस्पिटलला 1983 मध्ये फुप्फुसाचं प्रत्यारोपण यशस्वी झालं, म्हणून तिथे कोपराखालची गाठही जगात सर्वांत चांगली ओळखत असतील, असं होत नाही. डोळ्यांसाठी मूरफील्ड्स, मुलांसाठी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट ही लंडनची हॉस्पिटलं एकाच कामाला वाहिलेली आहेत, एक 1805 पासून, दुसरं 1852 पासून. हात बसतो तो त्याच त्या कामाने. शस्त्रक्रियांच्या बाबतीत हे 1979 मध्येच अमेरिकेतल्या सुमारे दीडहजार हॉस्पिटलांच्या आकड्यांवरून दिसलं होतं. काही मोठ्या शस्त्रक्रिया जिथे जास्त होत होत्या, तिथे मृत्यू कमी होते. तेव्हा आजाराचं नाव घालून शोधनिबंध शोधा, कुणाची नावं पुन्हापुन्हा येतात ते टिपा, ती माणसं सध्या कुठल्या विभागात आहेत ते बघा. मग सरळ विचारा, ‘अशा केसेस तुम्ही वर्षाला किती बघता?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता मुख्य काम, म्हणजे फाइल.

सगळ्यात वर एक पान ठेवा. त्यात तारखेनुसार काय झालं, चालू औषधं, ॲलर्जी आणि एक प्रश्न. ‘कृपया मार्गदर्शन करावे’ हा प्रश्न नव्हे. दादाच्या पानावर मी लिहिलं होतं, ‘गाठ तीन आठवड्यांत वाढली. रिपोर्टमध्ये सार्कोमा, म्हणजे कॅन्सर, आहे. मोठी शस्त्रक्रिया करण्याआधी हे निदान नक्की आहे का, एवढंच सांगा.’ बाकी कागद मागे, एकाच क्रमाने. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेन्री प्लमर यांनी 1907 मध्ये एका रुग्णाचे सगळे कागद एका नंबराखाली, एकाच पाकिटात आणले. त्याआधी प्रत्येक डॉक्टरची वही वेगळी असे. आपल्या पिशवीत अजूनही त्या वेगवेगळ्या वह्याच असतात.

स्कॅन पाठवाल तर मूळ डायकॉम फाइली, म्हणजे मशीनमधून निघालेल्या डिजिटल प्रतिमा, पाठवा. फिल्म खिडकीला धरून काढलेल्या मोबाइलच्या फोटोवरून कुणीही प्रामाणिक मत देणार नाही.

आणि बायोप्सी झाली असेल तर ब्लॉक. रिपोर्ट म्हणजे एका माणसाने जे पाहिलं त्याची हकीकत. दुसरं मत म्हणजे दुसऱ्या माणसाने तीच ऊती स्वतः पाहणं, आणि ऊती असते स्लाइडवर आणि ब्लॉकमध्ये. स्लाइडवर एकच पातळ काप असतो. ब्लॉकमधून नवे काप निघतात आणि नव्या चाचण्या होतात. प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करा. नातेवाईक जाणार असेल तर रुग्णाची सही असलेलं पत्र न्या. ब्लॉक द्यायला तयार नसतील तर न रंगवलेल्या दहा-पंधरा स्लाइड मागा. ब्लॉक दोन-तीन असतील तर एक मागे ठेवा, सगळे एकाच पार्सलात घालू नका. नंबर रिपोर्टशी ताडून पाहा. स्लाइड प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा, काचेला चिकटपट्टी लावू नका (ती सोडवताना मी शिव्या घातल्या आहेत). आणि ब्लॉक मेणाचा आहे, उन्हात उभ्या गाडीत विसरू नका.

प्रत्यक्ष जाणार असाल तर एवढं लक्षात घ्या, मोठ्या डॉक्टरांच्या आधी तुम्हाला तीन-चार तरुण माणसं भेटतील. विद्यार्थी, रेसिडेंट (पदवीनंतर प्रशिक्षण घेणारा डॉक्टर), कधी फेलो (त्याच्याही पुढचं प्रशिक्षण घेणारा). बरेच लोक इथे वैतागतात, ‘यांना काय सांगायचं, साहेब आल्यावर सांगू.’ चूक. साहेबांकडे दहा मिनिटं असतात, आणि ते ऐकतात तेही रेसिडेंटने मांडलेलीच हकीकत. सगळं त्याला सांगा, त्याने काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. निघण्यापूर्वी ‘ही केस ट्यूमर बोर्डात ठेवाल का?’ असं विचारा. तिथे सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट एकाच वेळी बसतात. अमेरिकेत नवे रेसिडेंट जुलैत रुजू होतात, ब्रिटनमध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला. घाई नसेल तर ते पहिले दिवस टाळलेले बरे. विद्यार्थ्याने तपासू नये असं वाटत असेल तर नाही म्हणता येतं. हात धुतले का, हेही विचारता येतं. व्हिएन्नाच्या मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलात शवविच्छेदन करून विद्यार्थी थेट बाळंतिणींकडे जात. 1847 मध्ये तिथले डॉक्टर झेमेलवाइस यांनी त्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. तेव्हा संकोच तुम्ही कशाला करायचा?

दादाचं काय झालं ते सांगते. नॉड्युलर फॅसिआयटिस नावाची एक गाठ असते. ती भराभर वाढते, सूक्ष्मदर्शकाखाली फार भयंकर दिसते आणि निरुपद्रवी असते. तिच्यात एका विशिष्ट जनुकाची मोडतोड असते, हे मेयो क्लिनिकच्याच संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं. आम्ही पाठवलेल्या ब्लॉकवर त्या मोडतोडीची चाचणी झाली, ती सापडली आणि मोठी शस्त्रक्रिया रद्द झाली. नुसता रिपोर्ट पाठवला असता तर ही चाचणी करायची कशावर?

मत लेखी घ्या, आणि त्याची प्रत तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना द्या, कारण उपचार तेच करणार आहेत. ब्लॉक परत मागा. त्यावरचा नंबर पुन्हा ताडून पाहा आणि तो मूळ प्रयोगशाळेत पोहोच घेऊन जमा करा. दादाने पोहोच हरवली, म्हणून मी दुसरी करून आणली.