व्हीलचेअरवाल्या पोरीला पेंचला न्यायचंय? आधी बाथरूमचं दार मोजा

माझी भाची पंधरा वर्षांची आहे, स्पायना बिफिडा, म्हणजे जन्मापासून मणक्याचा प्रॉब्लेम, कमरेखाली काही जाणवत नाही, व्हीलचेअर वापरते. दिवाळीत बाकीची भावंडं पेंचला, नागपूरजवळच्या वाघांच्या जंगलात, जाऊन आली, हिला फोटो दाखवत बसली, तर ही म्हणते, "मावशी, मले पण एकदा घाबरायचंय." तेव्हापासून मी या भानगडीत पडली, आणि जे जमलं-फसलं ते इथे लिहून राहिली.

आधी पोरीलाच विचारा बाप्पा. आम्ही मोठे ठरवून बसलो होतो नागपुरातल्या फुटाळा तलावावर फिरवू, मक्याचं कणीस खाऊ, झालं. तिला पाहिजे होती जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी जीप, बोट, आणि रात्रीचं आकाश. आकाशाचं कारण असं की पेंचचा महाराष्ट्राकडचा भाग जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी ठेवून तारे नीट दिसू देणारी जागा, हे तिनेच मला सांगितलं. आणि तारे पाहायला पायऱ्या लागत नाहीत, खुर्ची अंगणात मागे रेलून लावली, चाकांना ब्रेक मारला, की झालं.

आता मुद्द्याचं, राहायची जागा. फोनवर सगळेच म्हणतात "हो मॅडम, व्हीलचेअर चालते ना". आम्हाला एकाने हेच सांगितलं, पोचल्यावर दोन पायऱ्या आणि बाथरूमचं दार २४ इंच, आणि आमची खुर्ची २५ इंच. एक इंचासाठी पोरगी दोन दिवस उचलून आत न्यावी लागली, पंधरा वर्षांच्या मुलीला किती अवघड वाटत असेल विचार करा. त्यामुळे आता मी सरळ म्हणते, भाऊ, दाराला टेप लावून फोटो व्हॉट्सअॅप करा, आतल्या कमोडचा पण, बाजूला खुर्ची उभी राहते का ते दिसलं पाहिजे. रॅम्पचा हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला एक फूट लांबी, म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सहा फूट फळी. दोन फुटांची फळी टाकून "रॅम्प आहे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

सीझन हिवाळ्याचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नागपूरचा मे महिना ४५ च्या वर जातो, आणि कमरेखाली घाम नीट येत नसेल तर अंग लवकर तापतं. पावसाळ्यात कोअर झोन, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंदच असतो. पेंचचं सिल्लारी गेट नागपूरहून साधारण ७० किलोमीटर, पण आम्ही वाटेत दोनदा थांबलो.

सफारी साधारण चार तासांची, आणि आमचं कॅथेटरचं, म्हणजे नळीने लघवी काढायचं, वेळापत्रकही चार तासांचं, म्हणून गेटवर जायच्या अगदी आधी ते उरकायचं. दुपारची पाळी घ्या, कारण सकाळचं तिचं सगळं आवरायलाच दीड तास लागतो, पहाटे साडेतीनला उठवून काय मजा. आणि एक सांगते, टॉयलेटची भीती म्हणून ही पोरं पाणी पिणंच बंद करतात, ते होऊ देऊ नका, इन्फेक्शन होतं मग.

जिप्सीत मागे चढणं उंच पडतं. समोर ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायला मिळतं का ते आधी विचारा, तिथे चढणं सोपं. उचलणारे दोघं, एक काखेखालून, एक गुडघ्याखालून, आणि "एक-दोन-तीन" ती स्वतः म्हणणार, दुसरं कोणी नाही. व्हीलचेअरची उशी सीटवर ठेवा, कच्च्या रस्त्यावर गचके बसतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, नाहीतर जखम होते आणि पोरीला कळतही नाही. वाघ दिसला तेव्हा अर्थातच सगळे विसरले.

रामटेकजवळ खिंडसीला बोटिंग आहे. तिथे एक नियम कडक पाळा, खुर्ची काठावर राहील, बोटीत माणूस कधीच खुर्चीला बांधायचा नाही, बोट उलटली तर खुर्चीसकट खाली जाईल. लाइफ जॅकेट घरूनच घालून बघा, पाठीचा तोल नसेल तर पोरीला सरळ बसता येतं का, ते कळतं. स्पायना बिफिडावाल्यांना लॅटेक्सची अॅलर्जी असू शकते, म्हणून हातमोजे, फुगे, रबरी वस्तू सगळ्या बघून घ्या.

रात्री शेकोटी पेटली आणि पोरं जवळ सरकली, तेव्हा आम्ही एकदम भानावर आलो. तिच्या पायाला चटका लागला तरी तिला कळणार नाही! खुर्ची चार हात मागे, पायावर ब्लँकेट, गरम पाण्याची पिशवी पायाशी नको. हे तिलाच शिकवून ठेवा, आपण नेहमी नसतो.

ट्रायल म्हणून आधी नागपूर मेट्रोने सीताबर्डीपर्यंत आणि परत, लिफ्ट असतात, खुर्ची सांभाळायची सवय होते. मग नागपुरातल्याच गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाची बस सफारी, तिथे वेळ कमी लागतो आणि घर जवळ. हे झालं तरच पेंच.

घरी आल्यावर आरसा घेऊन पाठ, बूड, टाचा बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर डॉक्टरला दाखवा. आमच्या टाचेवर एक होता, बुटाचा. बूट बदलला आणि पुढच्या वेळी सकाळची पाळी घ्यायची म्हणून आता ती माझ्याच डोक्यावर बसून राहिली.