ओव्हल मैदानात बसून मुंबई कशी काढायची

मुंबईचं स्केचिंग सुरू करायचं म्हटलं की सगळे आधी सीएसएमटी गाठतात. नका गाठू. एवढं कोरीवकाम एकदम अंगावर आलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, शिवाय गर्दीत धड उभंही राहता येत नाही. चर्चगेटला उतरा, थोडं चाला आणि ओव्हलमध्ये जाऊन बसा.

इथे एका बाजूला युनिव्हर्सिटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर, म्हणजे 19व्या शतकातलं गॉथिक (टोकदार कमानी आणि उंच मनोऱ्यांची शैली), आणि वळून बसलात की समोर आर्ट डेकोच्या, म्हणजे साध्या, गुळगुळीत रेषांच्या शैलीतल्या बिल्डिंगा, बहुतेक 1930 च्या दशकातल्या. 2018 मध्ये युनेस्कोने दोन्ही मिळून एकच वारसास्थळ जाहीर केलं.

उन्हाचं आधी बघून घ्या. गॉथिक रांग मैदानाच्या पूर्वेला, म्हणजे तिचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन मागून येतं आणि नुसता काळपट आकार दिसतो. दुपारी तीननंतर बसलात तर कमानींच्या आत मस्त गडद सावल्या मिळतात. आर्ट डेकोचं बरोब्बर उलटं, तिकडे सकाळी.

सामान फार नको. ए-फाइव्ह वही, पेन्सिल, वॉटरप्रूफ काळा पेन, फारतर छोटी कलर बॉक्स. इझल (चित्राचा स्टँड) वगैरे घरीच ठेवा, क्रिकेटचा बॉल कधी कुठून येईल सांगता येत नाही.

आता मेन गोष्ट, बिल्डिंगला हात लावायच्या आधी आपल्या डोळ्याच्या उंचीची एक हलकी आडवी रेष मारा. तुम्ही उभे असाल तर सपाट मैदानावर उभ्या असलेल्या जवळजवळ सगळ्यांची डोकी त्याच रेषेवर येतात, माणूस दहा फुटांवर असो नाहीतर बाउंडरीवर, लांबचा असेल तर फक्त त्याचे पाय वर सरकतात. गवतात बसलात तर तीच रेष उभ्या माणसाच्या कमरेजवळून जाते. एवढं सांभाळलं तरी माणसं हवेत तरंगत नाहीत.

मग मापं. राजाबाई टॉवर 280 फूट म्हणजे साधारण पन्नास माणसं एकावर एक. कागदावर टॉवर 20 सेंटीमीटर काढलात तर त्याच्या पायथ्याशी उभा माणूस फक्त 4 मिलिमीटरचा, आणि नवखे लोक तो हमखास दीड-दोन सेंटीमीटरचा काढतात आणि टॉवरचं पार बुटकं घड्याळ होऊन जातं. इंग्लिश आर्किटेक्ट सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने हा टॉवर लंडनमध्ये बसून डिझाईन केला, 1878 मध्ये बांधून झाला, स्वतः तो इथे कधी आलाच नाही. तुम्ही निदान समोर बसलायत, तेव्हा फोटोवरून काढू नका.

गॉथिक काढताना उभ्या रेषा आधी, डेको काढताना आडव्या. डेकोत खिडक्यांवरचे सलग छज्जे आणि कोपऱ्यावर गोल वळलेल्या बाल्कन्या, त्या पकडल्या की अर्धं काम झालं. आणि सगळ्या कमानी काढत बसू नका हो, दोन नीट काढा, बाकीच्यांच्या फक्त आतल्या सावल्या भरा, बघणाऱ्याचा डोळा उरलेलं जुळवून घेतो.

एक मात्र माझं ठाम मत आहे, एसीचे डबे, वायरी, ताडपत्री, काच लावून बंद केलेल्या बाल्कन्या पुसून टाकू नका. ते काढून टाकलं की नुसतं कॅलेंडर उरतं. सुधीर पटवर्धनांची चित्रं बघा. ते ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, वर्षानुवर्षं प्रॅक्टिस सांभाळून चित्रं काढली आणि त्यात काय, तर लोकल, चाळी, उपनगरांतल्या बिल्डिंगा आणि तिथली कष्टकरी माणसं. त्यांच्याकडे माणसं बिल्डिंगची शोभा वाढवायला येत नाहीत, ही गोष्ट त्यांच्याकडूनच शिकावी.

बॅट्समन, अंपायर, पाणीवाला यांना चार-चार रेघांत उरका, पण ते जागेवर असतानाच, बिल्डिंग काय थांबून राहणारे. कोर्टाच्या गेटजवळ बसू नका, पोलीस हटकू शकतात. मागे कोणी येऊन उभं राहिलं तर राहू दे. पावसाळ्यात रंग वाळता वाळत नाहीत, तेव्हा नुसतं पेनचं हॅचिंग करा, म्हणजे जवळजवळ रेघा मारून सावली भरा. आणि कोपऱ्यात तारखेबरोबर वेळही टाका, स्केच अर्धं राहिलं तर पुढच्या वेळी त्याच वेळेला जाऊन बसता येतं, नाहीतर अर्ध्या सावल्या डावीकडे आणि अर्ध्या उजवीकडे.